म्हैस आडवी आली होती का?

पन्नाशी उलटलेल्या माणसाला सरकारने फॉर्मवर प्रश्न विचारू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. विचारायचेच असतील तर आम्ही वाचणार नाही इतक्या बारीक अक्षरात तरी छापावेत.

लायसनची मुदत संपत आली म्हणून मी बीडला विजयसिंहच्या टपरीवर गेलो होतो. हा विजयसिंह लायसनची कामं करतो आणि गाड्यांचे विमेही उतरवतो. आमचं अर्धं नेकनूर गाव त्याच्याकडे सह्या करतं. त्याने फॉर्म पुढे सरकवला. सगळ्या प्रश्नांपुढे 'नाही'वर खूण आधीच केलेली होती. तो सगळ्यांचेच फॉर्म असे तयार ठेवतो.

"करा सही, जलालभाई."

पंचवीस वर्षांत मी कधी फॉर्म वाचला नाही. त्या दिवशीच कुठून दुर्बुद्धी झाली! फिट येणे, अचानक शुद्ध हरपणे किंवा कोणत्याही कारणाने चक्कर येणे, असा त्रास आहे काय?

आहे ना. मान वळवली की समोरची भिंत चालायला लागते. कानाच्या डॉक्टरांनी मला खाटेवर आडवं करून डोकं इकडून तिकडे फिरवलं आणि म्हणाले, कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, तो बिघडलाय. बरं वाटेपर्यंत गाडी चालवू नका. मी हो म्हणालो, बाहेर आलो आणि गाडी चालवतच घरी गेलो. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस मी. गाडीशिवाय शेताशेतांवर कसा पोचणार? शिवाय माझी लेक अस्मा रोज माझ्याच गाडीतून बीडला क्लासला येते.

"यात चक्कर लिहिलीय," मी म्हणालो.

"मग 'न्हाई' ऱ्हाऊ द्या. 'होय' केलं की डॉक्टर फिटनेसचा कागद देत न्हाई. लायसन लटकलं."

"अन् उद्या कुठं धडकलो तर?"

"तर विमा कंपनी इचारणार, आजार लपवला कावून? हात वर करंल."

"मग 'होय' लिहू?"

"मग लायसन कसं मिळंल?"

"मग 'न्हाई'च ऱ्हाऊ दे म्हणतोस?"

"मी कुठं म्हणलं? सही तुमची हाय."

असा राग आला मला! वर त्याने हळूच विचारलं, "अन् 'होय' लिवलं तर कधीपास्नं, तेबी इचारतेत. मार्चातला क्लेम ध्यानात हाय ना? तवा आपुन म्हैस लिवलीय."

मार्चमध्ये माझी गाडी नेकनूरच्या रस्त्यावर कडेच्या चारीत गेली होती. मी एकटाच होतो. कपाळ फुटलं, गाडीचं तोंड चेपलं. विजयसिंह सगळ्याच क्लेमवर 'अचानक जनावर आडवे आल्याने' असंच लिहितो. त्याने विचारलं, जनावर कोणतं? मी म्हणालो, म्हैस. कोणाची? तिथे माझ्या शेजारच्या बजरंगचं रान आहे, म्हणून म्हणालो, बजरंगची. बजरंगने साक्षीदार म्हणून सही केली. गाडी दुरुस्त होऊन आली.

घोळ पुढेच आहे. मला ती म्हैस दिसते. काळी, शेपटी हलवणारी, उजवीकडून आलेली. पण ती मी रस्त्यावर पाहिली की विजयसिंहने कागदावर लिहिल्यानंतर पाहिली, हे काही केल्या आठवेना. म्हैस खरी असेल तर माझी चक्कर घरापुरती आहे आणि गाडी मी चालवू शकतो. म्हैस नसेल तर त्या दिवशी रस्ताच फिरला होता. फॉर्म तसाच खिशात घातला आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून बजरंगच्या रानात पोचलो.

"बजरंग, खरं सांग. त्या दिशी तुजी म्हैस आडवी आल्ती का?"

त्याने कडब्याची पेंढी खाली टाकली. "तुमीच म्हणला ना आल्ती म्हणून."

"मी म्हणलो ते सोड. तू सांग."

"म्हैस त्या हप्त्यात चौसाळ्याला हुती. भैनीला लेकरू झाल्तं, दुधाला म्हणून नेऊन बांधली हुती."

माझ्या डोळ्यांपुढची म्हैस तरीही जागची हलेना.

"मग सही कावून केली बे?"

"तुमी डोक्याला पट्टी बांधून दारात आल्ते. शेजारच्या माणसाला त्या टायमाला खोटं पाडू का?"

मला एकदम त्याची लेक संस्कृती आठवली. ती आणि अस्मा दोघी माझ्या गाडीतून क्लासला जायच्या. मार्चनंतर संस्कृती एसटीने जाऊ लागली. क्लासची वेळ बदलली, असं बजरंग तेव्हा म्हणाला होता.

"संस्कृतीची येळ खरंच बदलली का?"

तो खाली बघत म्हणाला, "न्हाई."

"म्हंजे आपली लेक उतरवून घेतलीस. माजी लेक रोज बसती त्या गाडीत, तवा तोंड उघडता आलं न्हाई तुला?"

"मला वाटलं, तुमाला ठाऊक असंल. चक्कर तर तुमची हाय, जलालभाई."

मी बॉनेटवर फॉर्म ठेवला, 'नाही'वरची खूण खोडली आणि 'होय' केलं. बजरंग वाकून बघत होता. "माज्या सहीचं काय हुईल?" त्याने विचारलं. ते मलाही कळत नव्हतं. उद्या दोघांनी मिळून विजयसिंहकडे जायचं आणि म्हशीचं काय ते खरं लिहून द्यायचं, एवढंच ठरलं.

मग अस्माला फोन लावला. ती क्लासच्या दारात माझी वाट बघत उभी होती.

"बेटा, आज मी येत न्हाई. संस्कृतीबरोबर एसटीनं ये. उद्यापास्नं रोजच."

मला वाटलं, चिडेल.

"बरं झालं, अब्बू," ती म्हणाली. "मी मार्चपास्नं हँडब्रेकवर हात ठिवूनच बसती."

फोन कानाला तसाच धरून मी बांधावर बसलो.