झुकतं माप

मी एक जुना वजनकाटा आहे. मित्रांनो, माणूस देवासमोर खरं बोलतो की नाही मला ठाऊक नाही, पण काट्यासमोर त्याचे डोळे खरं बोलतात. घेणारा दांडीकडे बघतो, देणारा घेणाऱ्याकडे बघतो, आणि मी दोघांकडे.

माझा जन्म जर्मनीतला, हेसच्या डोंगराळ मुलखातला. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची फळी, तिच्यावर पोती ठेवायची. वर लोखंडी दांडी. दांडीच्या टोकाला एक चोच आणि तिच्यासमोर दुसरी, न हलणारी. दोन्ही चोची समोरासमोर आल्या की वजन जुळलं. मी रिकामा असतानाही त्या समोरासमोरच हव्यात. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मला विकत घेतलं योनास प्लाउट यांनी. ते ज्यू, धान्याचे आणि पेंडीचे व्यापारी. त्यांच्या धर्मशास्त्रात काट्यासाठीसुद्धा नियम होते, आणि ते नियम काटेकोर पाळणारा हा माणूस होता. दर तोलानंतर फळी झाडायची. शुक्रवारी दुपारी, शब्बाथ म्हणजे त्यांचा विसाव्याचा पवित्र दिवस लागण्याआधी, एकेक वजन फडक्याने पुसायचं. चोची जुळल्या तरी आणखी मूठभर टाकायचं, गिऱ्हाइकाच्या बाजूला मी झुकेपर्यंत.

"काट्यावरची धूळ म्हणजे चोरीच," ते मुलीला, थेक्लाला, सांगत. "फक्त हात न लावता केलेली."

त्या मुठीचा सर्वांत पक्का आशिक हाइनर बोप, नगरकचेरीतला कारकून. घरी कोंबड्या होत्या, त्यांच्यासाठी दर पंधरवड्याला जव न्यायचा.

"प्लाउटशेठ, तुमचा काटा सकाळीच पिऊन येतो की काय? बघावं तेव्हा माझ्या अंगावर कलंडतो!"

"तुमच्या कोंबड्यांवर जीव आहे त्याचा, बोपसाहेब. तुमच्यावर नाही."

दोघं हसत. मलाही तेव्हा बरं वाटे.

मग एकोणीसशे तेहतीस साल आलं. देशात एकाच पक्षाचं, एकाच माणसाचं राज्य सुरू झालं आणि सगळ्या दुखण्यांचं मूळ ज्यू आहेत असं सरकारी लोक भोंग्यातून सांगू लागले. एप्रिलच्या एक तारखेला हुकूम सुटला, ज्यूंच्या दुकानांवर पहारा बसवा, कुणी खरेदी करता कामा नये. आमच्या दारातही दोन गणवेशधारी जवान येऊन उभे राहिले. पण मित्रांनो, तो शनिवार होता. शब्बाथमुळे आमचं दुकान शनिवारी कधीच उघडत नसे. ते दोघे दिवसभर बंद दारावर पहारा देत राहिले. अडवायला गिऱ्हाईकच नव्हतं!

प्लाउट पडद्याआडून बघून पोट धरून हसले. "बघ थेक्ला, यांना आपला सुट्टीचा वारसुद्धा माहीत नाही. हे काय टिकणार?"

थेक्ला हसली नाही. "पप्पा, त्यांना माहीत असायची गरजच नाही."

मी मोजायला बसलो. काट्याला दुसरं येतं काय? त्या वर्षी मालकांना नमस्कार म्हणून टोपी उचलणारे साठजण होते. पुढच्या वर्षी अकरा. त्यातले नऊ मागच्या दाराने येत. बोपही मागूनच येई. "समजून घ्या शेठ, सरकारी नोकरी आहे." मूठभर जास्तीचं घ्यायला मात्र विसरत नसे. मग तोही यायचा थांबला. थेक्लाची शाळेतली नोकरी गेली. आमच्या गल्लीत मुलं खेळायची थांबली.

छत्तीस साली थेक्लाने दोघांसाठी अमेरिकेचे कागद जमवले. मालक ऐकेनात.

"तीस वर्षं या गावाला झुकतं माप दिलं, पोरी. गाव विसरेल होय?"

"गाव मोजत नव्हतं, पप्पा. मोजत होता तुम्ही."

ती एकटी गेली. मालक मला पुसत राहिले.

दोन वर्षांनी, नोव्हेंबरात, गावाने ज्यूंचं प्रार्थनामंदिर जाळलं, आमच्या काचा फोडल्या आणि मालकांना कैद्यांच्या छावणीत नेलं. पाच आठवड्यांनी परतले ते डोकं भादरलेले, निम्मे. ते मी न तोलताही सांगू शकलो. आता त्यांनी अमेरिकेचा अर्ज केला. रांगेतला नंबर इतका मोठा मिळाला की माझी सगळी वजनं एकावर एक रचली तरी त्याला पुरी पडली नसती.

दुकान दुसऱ्याच्या नावावर चढलं. मी नगरकचेरीच्या गोदामात गेलो. माझ्यावर बटाटे तोलले, कोळसा तोलला. पुसलं कुणीच नाही. फळीखाली चिखल आणि कोळशाची भुकटी थरांनी साचली, वाळली, दगड झाली.

बेचाळीसच्या उन्हाळ्यात मला उचलून शाळेच्या व्यायामशाळेत ठेवलं. समोर रांग होती, कोटांवर ज्यूंना सक्तीचे केलेले पिवळे तारे शिवलेल्या माणसांची. त्यांना पूर्वेकडच्या छावण्यांत पाठवायचं होतं. माणशी पन्नास किलो सामान. माझ्याशेजारी यादी घेऊन बोप बसला होता.

"योनास इस्राएल प्लाउट!" त्याने पुकारा केला. मधलं नाव सरकारने घुसवलेलं. सगळ्या ज्यू पुरुषांना तेच. "बोजा ठेव."

इतक्या वर्षांचं 'तुम्ही' कुठल्या पोत्यात गेलं कुणास ठाऊक.

मालकांनी बोजा ठेवला नाही. खिशातून रुमाल काढून आधी फळी झाडली. मग वाकून माझ्या चोचींकडे बघितलं.

"बोपसाहेब, काटा रिकामा आहे आणि चोची जुळत नाहीत. खाली गाळ साचलाय. तो बोज्यात धरला जाईल."

बोपच्या तोंडावर ते जुनं हसू आलं. "मग बिघडलं कुठे? तुला झुकतं माप आवडायचं ना?"

बोजा चढला. साडेपन्नास.

"अर्धा किलो काढ."

मालकांनी लोकरीचा स्वेटर काढला. थेक्लाने जाण्याआधी विणलेला. "अंगात घालतो. तिकडे थंडी असेल."

"काढलेलं सरकारजमा. त्या ढिगावर ठेव."

त्यांनी स्वेटरची नीट घडी घातली, ढिगावर ठेवली आणि पुढे सरकले. वार शुक्रवार होता.

तो अर्धा किलो त्यांचा नव्हता, मित्रांनो. माझ्या पोटातल्या घाणीचा होता. त्या दिवशी एकशे सात माणसांकडून मी तो काढून घेतला. कुणाचा स्वेटर, कुणाची भाकरी, एका लहान मुलीचे बूट. मला चोर करून ठेवलं होतं, हात न लावता.

योनास प्लाउट परत आले नाहीत. त्या रांगेतलं कुणीच आलं नाही.

युद्धानंतर बोपला चौकशीला बोलावलं. "मी फक्त काट्यावरचा आकडा वाचला," तो म्हणाला. वाचला हे खरंच. नंतर त्याने पेन्शन खाल्ली, कोंबड्या पाळल्या.

पुढे कितीतरी वर्षांनी एक पिकलेल्या केसांची बाई व्यायामशाळेच्या अडगळीत आली. थेक्ला. तिने वाकून माझ्या न जुळणाऱ्या चोची बघितल्या, मला आडवा केला आणि स्वयंपाकाच्या सुरीने फळीखालचा गाळ खरवडून काढला. तो कागदाच्या पिशवीत भरून माझ्यावरच तोलला. अर्धा किलो. बराच वेळ ती पिशवी हातात धरून बसली. जाताना माझं एकेक वजन पुसून गेली.

आता मी याच शाळेच्या दारात असतो. मुलं माझ्यावर चढतात, खदखदा हसतात. चढा, जरूर चढा. पण मला पुसत जा. आणि कुणाचं काहीही तोलायला बसाल, तेव्हा आधी रिकामा काटा बघा. तो कुणाच्या बाजूला झुकलाय, एवढं वाकून बघा.