नळातली हवा

मुलांनो, असं समजा की तुमच्या हातात एक लोखंडी चावी आहे. कुलपाची नव्हे, कमरेइतकी उंच, वर आडवा दांडा असलेली, दोन्ही हातांनी फिरवायची. रस्त्याकडेच्या खड्ड्यातल्या व्हॉल्व्हला ती बसवायची. एका बाजूला फिरवली की खालच्या बंजारा तांड्यात पाणी जातं, दुसऱ्या बाजूला फिरवली की थांबतं. मे महिना आहे. आणि गावातला मोठा माणूस तुमच्या मागे उभा राहून म्हणतोय, "फिरव."

भागवतच्या मागे विश्वंभरदादा उभे होते.

सेनगावकडच्या त्या गावात भागवत पंचायतीचं पाणी सोडायचा. भला माणूस. तांड्यातल्या मिराबाईच्या पोराला विंचू चावला, तेव्हा त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत हाच पळाला होता. पण तांड्यातल्या रूपसिंगने आपल्या शेतातून विश्वंभरदादांना वाट द्यायला नकार दिला, आणि पंचायत दादांच्या शब्दाबाहेर नव्हती.

"भागवता, तांड्याचं पाणी आजच्या रोज ऱ्हाऊ दे," दादा पहिल्यांदा म्हणाले, तेव्हा भागवत चाचरला होता.

"दादा, लेकराबाळांची तकलीफ व्हईल."

"एक रोज रे. समदी जबाबदारी माझी. तुला काय, तू चावी फिरव."

जबाबदारी दुसऱ्याची म्हटल्यावर चावी हलकी झाली. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही दादांनी तेच सांगितलं, तेव्हा थोडं गेलं. मग तो मनाशी म्हणू लागला, त्यांची विहीर आहे की, त्यांना सवय आहे. विहिरीच्या तळाला नुसता गाळ उरला होता, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तर तो तांड्याची वाट सोडून लांबच्या बांधावरून घरी जाऊ लागला. बाळांनो, वाईट काम करणाऱ्याला शिंगं फुटत नाहीत. तो फक्त रोज थोडी वाट बदलतो.

आज दादांनी नवीनच काढलं होतं. सोबत दोघे-तिघे मोटारसायकलींवर टेकून बसले होते.

"तहसिलात तक्रार गेली म्हनतेत. मुद्दाम बंद केलं असं कुनी म्हनू नये. जराशी हवा सोड आन् बंद कर. पाइप फुटला म्हनू."

पाणी येण्याआधी नळ फुसफुसतो. तो आवाज आला की बाया हातातलं काम टाकून धावतात. भागवतने चावी जराशी फिरवली. खाली तांड्यात नळ फुसफुसला आणि घरांतून घागरी घेऊन बाया पळत सुटल्या. एकीचा पाय घसरला, तिची घागर गडगडत गेली.

"बघा बघा, शर्यत लागली!" मोटारसायकलीवरचा एकजण म्हणाला. सगळे हसले. सगळे हसले म्हणून भागवतही हसला.

तेवढ्यात खालून ओळखीचा आवाज आला.

"आमचे बाबा हायेत ते वर! संगे, घागर म्होरं धर, आता येतंय पानी!"

ती प्रतिक्षा होती, त्याची लेक. सुट्टीत मैत्रिणीकडे, संगिताकडे खेळायला गेलेली.

"बंद कर की," दादा म्हणाले.

हाताने सवयीने चावी फिरवली. फुसफुस थांबली. मिराबाईने नळावर थाप मारली, पुन्हा मारली. प्रतिक्षाने मान वर करून पाहिलं आणि रिकामी कळशी घेऊन ती चढ चढू लागली.

वर आली तेव्हा तिला धाप लागली होती. "बाबा, पाइप फुटला का?"

"व्हय पोरी, फुटला. घरी जा," दादाच बोलले.

"मी बाबाला इचारून राह्यले."

भागवतने चावीवरचे हात काढले. "न्हाई," तो म्हणाला.

"मंग काहून बंद केलं?"

त्याने दादांकडे पाहिलं. समदी जबाबदारी घेणारे दादा मोबाइलमध्ये बघत होते. मोटारसायकलीवरचेही आता हसत नव्हते.

प्रतिक्षाने कळशी खाली ठेवली. चावीचा दांडा एका बाजूने धरला आणि सगळा भार टाकून ओढला. चावी हलली नाही. तिने हात फ्रॉकला पुसले, पुन्हा धरला. मग ती बापाकडे न बघता जराशी बाजूला सरकली आणि दांड्याची दुसरी बाजू त्याच्यासाठी मोकळी ठेवून तशीच धरून उभी राहिली.