मिशीसरांचा वरचा ओठ

भूगर्भशास्त्राच्या सरांना सगळं कॉलेज मिशीसर म्हणे, तेही तोंडावर. तोंड तसं कमीच दिसायचं. नाकाखाली सुरू झालेली मिशी वरचा ओठ पार करून खालच्यावर टेकली होती. सर चहा प्यायला लागले की तिचा वाटा ती आधी काढून घेई. त्या मिशीआड सर अधूनमधून काहीतरी पुटपुटायचे. काय, ते कधी कोणाला कळलं नाही.

त्या वर्षी त्यांच्या वर्गात एक मुलगी आली. लहानपणी तापात तिचे कान गेले होते, बोलणं तेवढं राहिलं होतं. समोरच्याचे ओठ वाचून ती सगळं समजून घ्यायची. दगडांचं तिला भारी वेड. प्रयोगशाळेत नवा दगड हातात आला की असा निरखायची, जणू बऱ्याच वर्षांनी मावशी भेटलीय.

कॉलेजने प्राध्यापकांसाठी 'सर्वांना सामावून घेणारं अध्यापन' या विषयावर शिबिर ठेवलं. शिकवायला आलेल्या बाई दिवसभर पडद्याकडे तोंड करून बोलल्या. बाकीचे प्राध्यापक जेवण बरं होतं म्हणाले. मिशीसरांनी मात्र सगळं मनावर घेतलं. मुलीला पहिल्या बाकावर बसवलं, फळ्याकडे वळून बोलणं सोडलं आणि आवाज इतका चढवला, की शेजारी इतिहास शिकणाऱ्या पोरांचेही ज्वालामुखी पाठ झाले.

मुलगी सरांकडे एकटक बघत राहिली आणि चाचणीत नापास झाली.

मग एका दुपारी ती प्रयोगशाळेत आली. उद्या विषय बदलून घेतेय, म्हणाली. सरांनी फळ्यावर लिहून विचारलं, कुठला घेणार? मिळेल तो, म्हणाली. बोलताना टेबलावरचा एक दगड उगाच कुरवाळत होती. सरांनी पुन्हा खडू उचलला. माझं काय चुकतंय?

तिने दगड जागेवर ठेवला.

"सर, तुम्ही फार छान शिकवत असाल," ती म्हणाली. "पण मला नुसती मिशी दिसते."

सरांनी फळ्यावर लिहिलं, उद्याच्या तासाला बसून मग जा.

घरी येऊन ते आरशासमोर उभे राहिले. जन्मतःच त्यांचा वरचा ओठ फाटलेला होता. टाके पडले, पण व्रण राहिला, आणि शाळेतल्या पोरांनी त्यांचं नाव ससोबा ठेवलं. मिसरूड फुटलं त्या दिवशी सर जे त्याच्यामागे दडले, ते दडलेच. लग्नाच्या फोटोतही मिशीच पुढे होती.

बायको मागे येऊन उभी राहिली. तिला सगळं सांगून झाल्यावर सर म्हणाले, पोरं हसतील.

"हसतील की. एक दिवस हसतील," ती म्हणाली. "ती पोर इतके दिवस नुसती बघत बसलीय, त्याचं काय?"

आणि कात्री आणायला गेली. जाता जाता एवढंच म्हणाली, की लग्न मी तुमच्याशी केलं होतं, मिशी आंदण आली होती.

दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या पहारेकऱ्याने सरांकडे ओळखपत्र मागितलं. वर्गात मागच्या बाकांवर खसखस पिकली. सर शिकवू लागले, पण हात सारखा ओठावर जाई. पहिल्या बाकावरून आवाज आला.

"सर, हात."

सरांनी हात खाली घेतला, तो पाठीमागे दुसऱ्या हातात धरून ठेवला, आणि दगड कसे तयार होतात ते सांगायला लागले. आवाज न चढवता. मुलगी भराभर लिहून घेऊ लागली.

तेवढ्यात वर्गातला कायमचा उशिरा येणारा पठ्ठ्या जांभई देत आत आला. सर सवयीने पुटपुटले, "आले, सासुरवाडीला आल्यासारखे आले."

मुलगी खळखळून हसली. वर्गाला काही कळेना. सरांना कळलं, आणि इतक्या वर्षांची सगळी पुटपुट आठवून त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आता या वर्गात तोंड सांभाळायला हवं होतं.

मग ते तिच्याकडे वळले आणि आवाज न करता, नुसते ओठ हलवत म्हणाले, "विषय बदलायला जायचं होतं ना?"

"आत्ता कुठे, सर," ती मोठ्याने म्हणाली. "तास चालू आहे."

ती कोणाला उत्तर देतेय ते न कळून मागचे बाक एकमेकांकडे बघत राहिले.