पंचवीस मिनिटांवरचं मंगल कार्यालय

मुलीच्या लग्नाची जागा नाकारायला आईने जिन्याचं कारण द्यावं, हे काही शोभण्यासारखं नव्हतं. पण मृणालिनीला त्या घडीला दुसरं काही सुचलंच नाही.

"अगं, दगडी जिना आहे. शालूत पाय अडकला म्हणजे?" ती फोनमधल्या मुलीला म्हणाली.

"आई, देअर इज अ लिफ्ट. मी तुला लिफ्टचा फोटोपण पाठवलाय."

"तीनशे वर्षांच्या घरातल्या लिफ्टचा काय भरवसा?"

ही सातवी जागा होती. आभा आयर्लंडमध्ये गॉलवेला नोकरीला होती. तिथल्याच डेक्लन नावाच्या एका हसऱ्या मुलाशी तिचं सप्टेंबरात लग्न ठरलं होतं. दर शनिवारी दोघं गाडी काढून खेडोपाडी हिंडायची आणि जागा बघायची. तळ्याकाठची हवेली झाली, कुरणातलं दगडी कोठार झालं, डोंगराच्या कुशीतलं शेतघर झालं. आणि अबुधाबीच्या खलिफा सिटीत एसीखाली बसून आई प्रत्येकीत खुसपट काढत होती. एका हवेलीत लाकडी छताखाली होम पेटवू देत नव्हते. ते एक कारण तरी खरं होतं. कोठाराला मेंढ्यांचा वास येत असणार, असं तिने सहा हजार किलोमीटरवरून ठरवलं. शेतघराचं भाडं तिने आधी दिरहममध्ये केलं, मग रुपयांत केलं आणि रुपयांचा आकडा बघून स्वतःच हाय खाल्ली. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात ते खरंच, पण जागेचे फोटो बघूनच दमून जाणारी आई आभाला नवीन होती.

खरं म्हणजे मृणालिनी ते फोटो बघतच नव्हती. फोटो आला की ती आधी त्या गावाचं नाव नकाशात घालायची आणि जवळचं डायलिसिसचं हॉस्पिटल किती मिनिटांवर आहे ते बघायची. पन्नास मिनिटं. एक तास दहा. एक तास चाळीस. मग तळं कितीही निळं असो, जागा बाद.

तिच्या नवऱ्याची, सूर्यकांतची, दोन्ही मूत्रपिंडं जानेवारीत निकामी झाली होती. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार तो ऑफिसातून थेट सेंटरवर जायचा आणि चार तास मशीनला जोडून घ्यायचा. मार्चमध्ये एकदा छातीत पाणी भरलं आणि अँब्युलन्स आली. त्यानंतर डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली ती एका अटीवर: जिथे झोपाल, जिथे जाल तिथून डायलिसिसचं हॉस्पिटल अर्ध्या तासाच्या आत पाहिजे. तसा पत्ता कागदावर दाखवा, मगच विमानासाठी सर्टिफिकेट मिळेल. मृणालिनीने त्या अर्ध्या तासातून रस्त्यात मेंढ्या आडव्या येतील म्हणून पाच मिनिटं कापली होती. पंचवीस मिनिटं. मुलीच्या लग्नाचं मंगल कार्यालय तिला त्या पंचवीस मिनिटांत बसवायचं होतं.

आणि यातलं अक्षरही आभाला सांगायचं नव्हतं. सूर्यकांतने मृणालिनीला स्वतःच्या जिवाची शपथ घातली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची असं तो म्हणायचा, पण ती मूठ झाकायला कारण होतं. त्याचा रक्तगट ओ. मृणालिनीचा बी, शिवाय तिला पंधरा वर्षांचा मधुमेह; तिची किडनी तपासायलाही डॉक्टर तयार नव्हते. आभाचा गट कोणता, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि त्याविषयी घरात कोणी बोलत नव्हतं. पोरीला कळलं तर ती लग्न बाजूला ठेवून पहिल्या विमानाने येईल आणि किडनी द्यायला ऑपरेशनच्या टेबलावर झोपेल, याची दोघांनाही खात्री होती. एकतिसाव्या वर्षी, हळद लागायच्या आधी. म्हणून व्हिडिओ कॉल फक्त रविवारी आणि मंगळवारी व्हायचे, कारण त्या दिवशी त्याचा चेहरा बरा दिसायचा. हातावर सुया टोचून झालेल्या गाठी दिसू नयेत म्हणून जूनच्या उकाड्यातही त्याच्या अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट असायचा.

आयर्लंडमधल्या सहा हॉस्पिटलांनी मृणालिनीला नाही म्हटलं होतं. सगळी भली माणसं. सॉरी म्हणायची, आमच्याच पेशंटना खुर्च्या पुरत नाहीत म्हणायची आणि फोन ठेवायची. सातव्या ठिकाणी मॅरियन नावाची बाई भेटली. तिने सगळं ऐकून घेतलं, रक्ताचे रिपोर्ट मागवले, आणि सोमवारी दुपारी स्वतःहून फोन केला. लग्नाच्या आठवड्यात त्यांच्याकडचा एक पेशंट सुट्टीवर जाणार होता. त्याची खुर्ची सूर्यकांतला मिळू शकत होती, तिन्ही दिवस, सकाळी सात वाजता. "विल ही बी वॉकिंग हर डाउन द आइल?" मॅरियनने विचारलं, म्हणजे बाप मुलीला हाताशी धरून चालवत नेणार का. आमच्यात तसं नसतं, आमच्यात आईबाप मुलीचा हात देतात, असं मृणालिनीने सांगितलं आणि फोन ठेवला. भात शिजत होता. तिने गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून पोटभर रडून घेतलं.

त्या हॉस्पिटलपासून पंचवीस मिनिटांत एकच हॉल होता. मंगळवारी संध्याकाळी सूर्यकांत आतल्या खोलीत आडवा पडला असताना तिने आभाला फोन लावला आणि त्या हॉलचं गुणगान सुरू केलं. पार्किंग मोठं आहे, सगळं तळमजल्यावर आहे, होमाला बाहेर फरशी आहे.

आभाने नाव ऐकलं मात्र. "आई, आर यू सीरियस? ते पेट्रोल पंपासमोरचं हॉटेल आहे. डेक्लनच्या काकांच्या फ्युनरलनंतर आम्ही तिथे सूप प्यायलो होतो!"

"सूप चांगलं होतं ना?"

"दॅट्स नॉट फनी."

मृणालिनीला तरी कुठे विनोद करायचा होता? "आभा, माझं ऐक. एवढं एकदाच ऐक. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलंय का?"

"मला बेटावरचं ते घर हवं होतं. फर्स्ट डेपासून. मी तुला सांगितलं होतं, तिथे दारातून समुद्र दिसतो. तू म्हणालीस बोट लागते. लेक हाउसला म्हणालीस होम होत नाही. आता जिना." आभाचा आवाज चिरकला. "तुला जागा नकोच आहे. तुला डेक्लन नकोय. आपल्यातला नाही म्हणून. तसं सांग ना, खलास!"

"तसं नाही गं, देवाशपथ नाही."

"मग कसं?"

आई जेऊ घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी मृणालिनीची गत झाली. खरं बोलावं तर नवऱ्याच्या जिवाची शपथ, खोटं बोलावं तर पोर तुटत होती. तेवढ्या वेळात आभाने फोन कापला होता.

आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. सूर्यकांत जागा होता. मॅरियनला गुरुवारपर्यंत नक्की कळवायचं होतं. म्हणजे हातात एक दिवस उरला होता.

बुधवारी संध्याकाळी ती नेहमीसारखी सेंटरच्या बाहेरच्या खुर्चीत बसली होती आणि आभाला लिहायचा मेसेज चौथ्यांदा खोडत होती, तेवढ्यात आभाचाच मेसेज आला. बेटाचा फोटो, आणि खाली ओळी: "बुक्ड!!! बाबांनी सकाळी ऑफिसमधून फोन केला. म्हणाले बेटच घे, आईकडे मी बघतो. आई, आय अॅम सॉरी कालसाठी. मी खूप हॅपी आहे."

मृणालिनीने बेटाचं नाव नकाशात घातलं. हॉस्पिटलपासून अडीच तास, पुढे बोट. वारा सुटला तर बोट बंद. ती सिस्टरला न विचारता सरळ आत गेली.

सूर्यकांत खुर्चीत रेलला होता. डावा हात उघडा, त्यातून निघालेल्या दोन नळ्या मशीनमध्ये गेलेल्या.

"अहो, हे काय करून बसलात?"

"कळवलं वाटतं तिने," तो म्हणाला. "मी सांगेन म्हटलं होतं. तिच्या पोटात काही राहत नाही."

"डॉक्टर तुम्हाला विमानात बसू देणार नाहीत. माहितेय ना? पत्ता लागतो त्यांना. मी महिनाभर त्या बाईच्या विनवण्या करतेय, खुर्ची मिळालीय हो, मिळाली होती!"

"माहितेय." तो हळू बोलत होता, दुसऱ्या तासानंतर त्याला मोठ्याने बोलवत नसे. "काल ऐकलं मी सगळं. पोरगी रडत होती, आणि तू तिला सूप चांगलं होतं ना विचारत होतीस. मृणाल, लग्न तिचं आहे. ते कुठे व्हायचं हे या मशीनने ठरवायचं नाही."

"आणि कन्यादान? मी एकटीने करू?"

"बायको जागेवर नसली की पुरुष कमरेला सुपारी खोचून बसतोच की पूजेला. तू माझ्या नावाची खोच." तो हसायला गेला. "गुरुजी कुरकुरले तर म्हणावं, नवऱ्याची सुपारी चालत नाही असं कुठे लिहिलंय ते दाखवा."

आजवर तिने कितीतरी सत्यनारायणांना तशी सुपारी लावून बसलेले पुरुष पाहिले होते. कोणाची बायको माहेरी, कोणाची बाळंतपणाला, आणि बहुतेकांची वारलेली. पदराआड खोचलेली ती सुपारी तिला आत्ताच पोटाशी टोचायला लागली. इथे पाच हातांवर माणूस श्वास घेतोय आणि तिथे त्याच्या जागी मी सुपारी घेऊन उभी राहू? तिला त्याचा भयंकर राग आला. त्याहून जास्त राग तिला स्वतःचा आला, की पाच महिने ती या माणसाच्या हो ला हो करत आली.

"आणि आभाला काय सांगायचं?" तिने विचारलं.

"शटडाउन म्हणायचं. रुवैसला कंपनीचा प्लांट दुरुस्तीला बंद ठेवलाय, सुट्टी रद्द झाली. गल्फमध्ये ही थाप कधी शिळी होत नाही. कोणी उलटा प्रश्न विचारत नाही बघ."

हेच सगळ्यात वाईट होतं, की आभाला ते पटलं असतं. ती लहान असताना रुवैसच्या शटडाउनपायी बाप तिच्या तीन वाढदिवसांना नव्हता. आताही तिने एक शब्द न काढता मान डोलावली असती. आणि पुढे जन्मभर, डेक्लनशी भांडण झालं की, स्वतःची पोरं झाली की, तिला आठवत राहिलं असतं: बाबांनी माझ्या लग्नापेक्षा प्लांट मोठा मानला. आणि मग एके दिवशी, तो गेल्यावर, कोणाच्या तरी तोंडून तिला खरं कळलं असतं. तेव्हा आईला तिने कधीच माफ केलं नसतं. मृणालिनीने स्वतःलाही माफ केलं नसतं.

"शपथ आहे तुला," सूर्यकांत म्हणाला. तिच्या हातातल्या फोनकडे त्याचं लक्ष गेलं होतं. "मृणाल, माझ्या जिवाची शपथ आहे."

"तुमच्या जिवाचं जे व्हायचं ते या खुर्चीत होतंच आहे," ती म्हणाली आणि तिने व्हिडिओ कॉल लावला.

आभाने लगेच उचलला. "आई! बघितलास फोटो? तू अजून रागावलीयस का?"

तिने फोन उलटा केला आणि आधी मशीनवर धरला, मग नळ्यांवर, मग त्या हातावर, मग चेहऱ्यावर. सूर्यकांतने मान फिरवली, पण हात त्याला हलवता येत नव्हता.

आभा या वेळी निव्वळ मराठीत बोलली. "हे कधीपासून?"

"जानेवारी."

"म्हणून ते पेट्रोल पंपासमोरचं. म्हणून जिना." आभाला एकेक जागा आठवत असावी. "तू हॉस्पिटल शोधत होतीस. आणि मी तुला काय काय बोलले, आई."

"ते जाऊ दे. बेटाचं बुकिंग रद्द कर. तिथे बाबांना येता येणार नाही. दुसऱ्या हॉलला हो म्हण, एवढंच सांगायला फोन केला."

पण आभा तिचं ऐकत नव्हती. ती डोळे पुसून स्क्रीनच्या जवळ आली होती. "बाबा, इकडे बघा. बाबा, तुमचा ब्लड ग्रुप काय आहे?"

"आभा, फोन ठेव," सूर्यकांत म्हणाला. "मृणाल, काढून घे तो फोन. हेच! हेच नको होतं मला!" त्याचा आवाज चढला तसं मशीन वाजायला लागलं आणि सिस्टर धावत आली.

"आई, ते सांगणार नाहीत. तू सांग."

सिस्टर मशीनचं बटण दाबत होती. सूर्यकांत मान हलवून नाही, नाही म्हणत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बी म्हटलं असतं तर गट जुळत नाही असं पोरीला वाटलं असतं आणि निदान आजपुरती सुटली असती मृणालिनी. ए म्हटलं असतं तरी चाललं असतं. पाच महिने खोटं बोलायची सवय झाली होती. एका अक्षराचं तर काम होतं. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि त्या दोघांतलं एक निवडायची वेळ कोणत्याही बाईवर येऊ नये, एवढंच तिच्या मनात आलं.

"ओ," ती म्हणाली. "तुझाच."