मोरपिसाचं पान

विजय नगरच्या सभागृहात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर ग्रंथमहाराज आणि त्यांच्यापुढे उशीएवढा जाड ग्रंथ. आजारी माणूस पुढे गेला की महाराज मिटलेल्या ग्रंथात मोरपीस खुपसत आणि तिथे उघडेल ते पान त्याच्यासमोर धरत. माणूस मनातल्या मनात वाचायचा आणि ढसाढसा रडायचा.

"पान तुमचं, दुखणं तुमचं," महाराज बजावत. "बाहेर एक अक्षर बोललात की फळ गेलं."

आमच्या शेजारच्या कुंदाताईंना याच पानानं इन्सुलिन सोडायला लावलं होतं. पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडली तरी त्या ऐकेनात. त्यांचा मुलगा आलोक रडकुंडीला आला होता. "दीदी, आई डॉक्टरकडे यायला तयारच नाही होऊन राहिली. म्हणते, ग्रंथात माझंच लिहिलं आहे."

मला नवल वाटलं नाही. जबलपुरात आमची शाळा हिंदी, बाजार हिंदी. घरात मराठीत छापलेल्या असतात त्या फक्त देवघरातल्या पोथ्या. त्यामुळे मराठीत छापलं ते देवाचंच, असं आमच्या लोकांच्या डोक्यात बसलं आहे.

मी शाळेत शिकवते. माहितीचं पुस्तक हाती आलं की मुलांना आधी अनुक्रमणिका आणि पानांचे आकडे पाहायला लावते. ज्याला समजावून सांगायचं असतं, तो वाचणाऱ्याला हवं ते शोधता येईल अशीच मांडणी करतो. हा ग्रंथ कशासाठी लिहिला, ते बघायला मी रांगेत उभी राहिले.

"काय दुखतं?"

"गुडघे," मी खोटंच सांगितलं.

मोरपीस खुपसलं, पान उघडलं. त्यावर छापलं होतं, "शरीरात टोचणी आहे. औषध अंगी लागत नाही. घरचे समजून घेत नाहीत. औषध सोड, अंगारा घे." पानाला आकडा नव्हता. मी पुढचं पान उलटलं. तेच. त्यापुढचंही तेच. महाराज ग्रंथ ओढू लागले, तोवर मी माईकवर मोठ्यानं वाचायला लागले होते. दुसऱ्या वाक्यालाच समोरच्या लोकांचे ओठ माझ्याबरोबर हलू लागले. त्यांत कुंदाताईही होत्या.

"सगळ्यांना एकच पान दिलंय," मी म्हटलं. "म्हणून बोलायची बंदी. एकमेकांना सांगितलं असतं तर तेव्हाच कळलं असतं."

"आत्मा एक, म्हणून पान एक," महाराज शांतपणे म्हणाले. आणि टाळ्या पडल्या. एक बाई माझ्यावरच उखडली, "दीदी, काहून वाचलं तुम्ही? माझं फळ गेलं ना."

कुंदाताई मात्र त्याच संध्याकाळी दवाखान्यात आल्या. आधी आल्या असत्या तर अंगठ्यावर भागलं असतं. आता गुडघ्याखालचा पाय गेला. "सगळ्यांचं दुखणं एक कसं असेल, हे मला सुचलंच नाही गं," एवढंच त्या बोलल्या.

महाराजांची सभा आता शहरातल्याच महाराजपूर भागात भरते. मला संताप येतो, त्यांचा आणि टाळ्या वाजवणाऱ्यांचाही. छापलेलं काहीही वाचा, पण हे कोणी लिहिलं आणि का लिहिलं, ते आधी विचारा. वाचलेलं चार जणांना सांगा, ताडून पाहा. कोणी सांगायची बंदी घातली, तर औषध सोडू नका, त्या माणसाला सोडा.