ओढून बघितलेल्या बॅगा

"कुलूप शाबूत आहे मास्तर, आतली तारही शाबूत आहे. दगा दिला तो यानं," असं म्हणत सिस्टरने एक कातडी पट्टा फळीवर ठेवला.

पट्टा जोडावर उसवला होता. मास्तरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, पट्टा खिडकीच्या उजेडात नेला आणि दोऱ्याच्या एकेका छिद्रावरून बोट फिरवत बराच वेळ उभे राहिले. मशीनवर बसलेल्या त्यांच्या सूनबाईला तो उसवलेला जोड लांबूनच दिसला आणि तिने मशीन थांबवलं.

सिस्टर मोटारसायकलवरून लांबलांबच्या वस्त्यांवर जायची आणि रक्ताचे नमुने गोळा करून दवाखान्यात आणायची. गाडीच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगा तिला पंधरा दिवसांपूर्वी मास्तरांनीच शिवून दिल्या होत्या. परवा एका खडबडीत उतारावर उजवीकडची बॅग सुटून पडली आणि सहा जणांच्या नळ्या फुटल्या. सिस्टर भांडायला आली नव्हती, तो तिचा स्वभावच नव्हता. सहाही जणांकडे पुन्हा जावं लागलं आणि त्यांत एक चार महिन्यांचं बाळ होतं, एवढंच तिने सांगितलं.

"त्याची शीरच सापडत नाही हो. परवा दोनदा टोचलं होतं, काल परत तीनदा," ती म्हणाली. "त्याची आई नुसती बघत होती माझ्याकडे."

मास्तरांनी पट्टा उचलला. तासाभरात नवा पट्टा लावून देतो म्हणाले आणि कामाला बसले.

गाडीच्या बॅगा शिवण्यात या माणसाची चाळीस वर्षं गेली होती. गिऱ्हाईक यायचं ते चोराच्या भीतीने, आणि चोराचा बंदोबस्त मास्तर चोख करायचे. झाकणाच्या शिवणीत ते पोलादी तार घालत, म्हणजे ब्लेड मारलं तरी कापड फाटून हात आत जात नसे. कुलूप चाकाच्या बाजूला, सहजासहजी हात पोचणार नाही असं. झाकणाच्या आत मालकाचा फोन नंबर, न पुसणाऱ्या रंगाने. पण त्यांना स्वतःला धास्ती असायची ती खड्ड्यांची. चोर गाठ पडला तर पडेल, खड्डे मात्र घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत सोबत असतात, असं त्यांचं म्हणणं. शिवाय जाड कातड्यावर मशीन मधूनच टाका चुकवतं. वरून शिवण सरळ दिसते आणि आत दोरा नुसता पडून असतो. ते डोळ्यांना कळत नाही, ओढल्यावरच कळतं.

म्हणून मास्तर ओढायचे. गाडी मधल्या स्टँडवर चढवायची, डावा पाय पायदानाला लावायचा, पट्टा दोन्ही मुठींत धरायचा आणि गाडी जागची हलेपर्यंत ओढायचं. गाडी हलली आणि जोड टिकला, तर बॅग द्यायची. जोड सुटला, तर गिऱ्हाईक कितीही घाईत असो, बॅग परत मशीनवर. नवीन माणसं धास्तावायची. बॅग न्यायला आलोय, गाडी पाडून घ्यायला नाही, असं एकाने तोंडावर सांगितलं होतं. त्यावर मास्तरांनी दुसऱ्या बाजूचीही बॅग ओढून दाखवली. परवापर्यंत त्यांनी ओढून दिलेली बॅग रस्त्यात पडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

सूनबाई लग्न होऊन आली तेव्हा तिला हा सगळा आचरटपणा वाटला होता. मग ती स्वतः शिवायला शिकली, आणि सासऱ्यांबद्दल तिच्या मनात असा काही आदर बसला की माहेरी गेली तरी तिच्या तोंडी त्यांचंच कौतुक असायचं. त्या आदरानेच घोटाळा केला होता.

चार महिन्यांपूर्वी तिच्या लक्षात आलं की मास्तर ओढतात, पण गाडी हलत नाही. पाय तसाच, मुठी तशाच, दातओठ खाणंही तसंच. पण त्यांची नजर जोडावर असायची, गाडीकडे नसायची, त्यामुळे त्यांना ते कळत नव्हतं. त्याच सुमाराला घरी पाण्याचा कॅन उचलायचं त्यांनी सोडलं होतं. हे त्यांना सांगायला तिची जीभ रेटेना. नवऱ्याशी बोलली, तर तो म्हणाला, आपण सांभाळून घेऊ, त्यांचं मन कशाला मोडायचं. तेव्हापासून मास्तर हात धुवायला मागे गेले की ती गुपचूप उठायची, पायदानाला पाय लावायची आणि बॅग पुन्हा ओढून बघायची. पंधरा दिवसांपूर्वी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि ती तीन दिवस माहेरी गेली. सिस्टरच्या बॅगा त्या तीन दिवसांतल्या होत्या.

तासाभराने नवा पट्टा तयार झाला. मास्तर बाहेर आले, बॅग अडकवली, पाय लावला, ओढलं. गाडी जागची हलली नाही. "न्या सिस्टर," ते म्हणाले.

सिस्टरने किल्ली लावली. सूनबाईला ते बाळ दिसायला लागलं, कधी न पाहिलेलं.

"थांबा," ती म्हणाली. सासऱ्यांकडे न बघता तिने पट्टा मुठींत घेतला आणि ओढला. गाडी स्टँडवरून कचकन तिच्याकडे सरकली. जोड टिकला होता. तिने पट्टा सोडला आणि मान खाली घालून उभी राहिली.

मास्तरांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. सिस्टर निघून जाईपर्यंत ते दारातच होते. तिची गाडी वळणाआड गेल्यावर त्यांनी विचारलं, "किती दिवस करतेयस हे?"

"चार महिने झाले, बाबा."

"सुटल्या किती?"

"तीन. मी परत शिवून दिल्या."

"आणि सिस्टरांची दिली, तेव्हा तू माहेरी होतीस."

तिने मान हलवली. ते बाकावर बसले. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही गप्प बसलात," ते म्हणाले. "आणि त्या लेकराला पाच वेळा टोचलं." मग म्हणाले, "तुला नाही बोलत मी. गाडीकडे मीच बघायला हवं होतं."

तिच्या डोळ्यांना धार लागली. मास्तर मात्र बोटांवर मोजायला लागले होते. त्या तीन दिवसांत आणखी कोण कोण बॅगा घेऊन गेलं? घड्याळं दुरुस्त करणारे, कुरिअरवाला, कॉलेजातले ग्रंथपाल आणि तो फोटोग्राफर. "गाडी काढ," ते म्हणाले. आजवर ते कुणाच्या मागे बसले नव्हते. आज दुकानाला भर दुपारी कुलूप लावून ते सुनेच्या मागे बसले.

चारही ठिकाणी मास्तरांनी एकच वाक्य सांगितलं, ना कमी ना जास्त. "ही बॅग मी ओढून दिली, पण माझ्या हातात आता तेवढा जोर नाही. ही परत ओढून बघेल." घड्याळवाले हसले, एवढ्यासाठी कुणी येतं का म्हणाले. त्यांची बॅग टिकली. कुरिअरवाल्याची टिकली, ग्रंथपालांचीही टिकली. सूनबाईच्या जिवात जीव आला. आता पुरे, असं ती म्हणणार होती, पण मास्तर आधीच गाडीपाशी जाऊन उभे होते.

फोटोग्राफर सामान भरूनच निघाला होता. त्याला घाट उतरून जायचं होतं आणि कॅमेरे दोन्ही बॅगांत ठासून भरलेले. मास्तरांनी आधी कॅमेरे काढायला लावले. तो कुरकुरला, मास्तर तुमच्यावर माझा विश्वास आहे म्हणाला. मास्तर म्हणाले, विश्वास राहू दे, कॅमेरे काढा. सूनबाईने पाय लावून ओढलं, आणि डावीकडचा पट्टा बॅगेसकट तिच्या हातात आला. फोटोग्राफर पायरीवर खालीच बसला. मास्तरांनी त्याची क्षमा मागितली आणि तिथेच, त्याच्या अंगणात, मांडी घालून हाताने जोड शिवायला घेतला. आरी कातड्यात शिरेना तेव्हा त्यांनी मुकाट्याने ती सुनेकडे दिली आणि स्वतः दोऱ्याला मेण लावत बसले. त्या क्षणी सूनबाईला वाटलं की या माणसाच्या पायावर डोकं ठेवावं. पण तसं केलं असतं तर ते रागावले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकजण नव्या बॅगा न्यायला आला. जुनं गिऱ्हाईक, सगळे रिवाज ठाऊक असलेलं. त्याने आपणहून गाडी मधल्या स्टँडवर चढवली आणि मास्तरांना वाट करून देत बाजूला सरकला. मास्तर पुढे झाले. सवयीने डावा पाय उचलला गेला, हात पट्ट्याकडे गेले. मग त्यांनी पाय खाली घेतला, गाडीला वळसा घालून ते पलीकडच्या बाजूला गेले आणि हँडल दोन्ही हातांनी धरलं.

"ओढ," ते सुनेला म्हणाले.

तिने ओढलं. या खेपेला मास्तर जोडाकडे बघत नव्हते, गाडीकडे बघत होते. गाडी जराशी हलली.

"अजून," ते म्हणाले.

तिने सगळा जोर लावला. गाडी सरकली आणि हँडल धरलेले मास्तरही तिच्याबरोबर पाऊलभर ओढले गेले.

"न्या," मास्तर गिऱ्हाईकाला म्हणाले, आणि हात धुवायला मागे गेले.