तेवढाच भाग

मशीनवाल्यांनी बायकोच्या मृत्यूचा दाखला बँकेतल्या अधिकारीबाईंच्या समोर सरकवला आणि खुर्चीत ठाण मांडलं.

“खात्याचं सगळं मार्गी लागलंय. मला तिचं बोलणं हवंय. कार्ड हरवलं तेव्हा तिने बँकेला फोन केला होता. तुम्ही रेकॉर्ड करता ना?”

“करतो, काका. पण काकूंचा आवाज ही काकूंची खासगी माहिती. दुसऱ्या कुणाला देता येत नाही.”

“ती असती तर मी मागायला कशाला आलो असतो?”

अधिकारीबाईंनी दाखल्यावरची तारीख पाहिली. “शिवाय या महिन्यात ते पुसलंही जाईल.”

घरात तिचे फोटो ढीगभर होते, आवाज कुठेच नव्हता. पण जन्मभर छापखान्यात मशीन चालवलेला हा माणूस. अडकलेला कागद ओढायचा नसतो, दुसऱ्या बाजूने काढायचा असतो, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं.

“माझी माहिती मला मिळते ना? मी तिच्या शेजारीच बसलो होतो. मी गप्प बसणारा वाटतो का तुम्हाला?”

त्या हसल्या. “अजिबात नाही. पण तुमचा आवाज तुम्हालाच ओळखावा लागेल. आणि सापडला तरी तुमच्यापुरताच भाग देईन.”

“लावा तर. जरा मोठ्याने.”

तिचा आवाज आला. त्यांनी टेबलाची कड धरली. जन्मतारीख, पत्ता, आईचं नाव, सगळं ती ठणठणीत सांगत होती. त्यांचा आवाज मात्र कुठेच येईना. बोलणं संपत आलं तसा अधिकारीबाईंचा हात बटणाकडे गेला.

तेवढ्यात पलीकडच्या माणसाने विचारलं, “पुढच्या वेळी साहेबांना फोन केला तर चालेल?”

“नको हो, मलाच करा. यांना डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही, त्या मशीनपायी. कुणाला कळू देत नाहीत. मला कळलंय, हेही त्यांना माहीत नाही. त्यांना वाटतं, मलाच फोनवर बोलायची हौस!” ती हसली. “हे कुठे लिहू नका हं.”

मशीनवाले खाली बघत राहिले.

अधिकारीबाईंनी बटण दाबून रेकॉर्डिंग थांबवलं. “काका, ही तर तुमचीच माहिती झाली. तब्येतीची. एवढा भाग तुम्हाला मिळेल.”

त्यांनी मान हलवली. मग खुर्ची वळवून उजवा कान स्पीकरकडे केला.

“पुन्हा लावा.”